मी कोण, काकू?

३ फेब्रु.
मापवहीवर चहा सांडला. मीच सांडला, कुणाला बोलायची सोय नाही. सूनबाईनं (प.) पानं उन्हात वाळवली, सगळ्यांचे फोटो काढून माझ्या फोनात ठेवले. म्हणाली, "आत्या, आता वही बुडाली तरी घोर न्हाई." दुष्काळी आटपाडीची पोर, पाणी बघितलंय कुठं तिनं. पण बरं वाटलं.

६ फेब्रु.
फोनवर लग्नपत्रिका आली, वडूजच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरवरून. लेडीज टेलरला पत्रिका म्हणजे ब्लाउज, उघडली लगेच. फोननं काहीबाही विचारलं, सगळ्याला हो म्हटलं. पत्रिका काही दिसली नाही. नवरीचं नावसुद्धा कळलं नाही.

७ फेब्रु.
घात झाला. तीच पत्रिका माझ्या नंबरवरून निम्म्या कराडला गेली. सकाळपासून एकच, "काकू, लगीन कुणाचं?" प.नं फोन हिसकावला. नेट बंद, कसलंसं ॲप उपटून टाकलं, पासवर्ड बदलले, बँकेत आणि पोलिसांत कळवलं. बँकेतलं सगळं जागेवर. "पर आत्या, वहीचं फोटो गेलं."
तीस वर्षांत एकीचं माप दुसरीला कळू दिलं नाही. आता कुठल्या तोंडानं दुकान उघडू.

८ फेब्रु.
त्या मेल्या चोरट्यानं वहीचं एक पान सगळ्या गिऱ्हाईक बायकांना पाठवलं. खाली धमकी: पैसे द्या, नाहीतर बाकीची पानंही टाकतो. प. रडकुंडीला आली. मी चष्मा पुसून पान वाचलं आणि हसूच आवरेना.
शेपू – छाती ५३, कंबर ४९. दोडका – छाती ५६.
वडूजच्या शिवणक्लासच्या बाईंची शिस्त. "बाईचं माप म्हंजे बाईची अब्रू. नाव लिवायचं न्हाई, आकडा खरा लिवायचा न्हाई." म्हणून नावाच्या जागी भाजी, आणि प्रत्येक मापात माझा एक ठरलेला आकडा जास्त. किती, ते इथंही लिहिणार नाही. सवय इतकी जुनी की मला ती मापं खरीच दिसतात, म्हणून तर काल घाबरले.
समोरच्या भाजीवाल्या हौसाबाईचा निरोप: "काकू, ही शेपू बाई हाय का म्हस?"

१० फेब्रु.
नवाच ताप. कापड पुढं करायच्या आधी प्रत्येकीचा प्रश्न, "मी कोण, काकू?" हौसाबाई तर हटेना. "म्या ढोबळी मिरचीच आसणार. खरं सांगा." सांगितलं नाही. एकीला जरी आपली भाजी कळली तरी ती आपलं खरं माप वजा करणार आणि आकडा काढणार. मग सगळीच पानं उघडी. शिवाय ती ढोबळीच आहे.
वडूजच्या त्याच जुन्या गिऱ्हाइकाकडून नऊ ब्लाउजांचं कापड आलं, मापं वहीत आहेतच. पत्रिका खोटी, लग्न मात्र खरंच निघालं. प्रत्येक कापडाला त्या त्या बाईच्या भाजीची चिठ्ठी बांधून ठेवली.

१२ फेब्रु. सांगली.
मोतीबिंदूची तारीख अचानक पुढं ओढली. काल झालं ऑपरेशन. ताईकडं आहे, एका डोळ्यानं लिहितेय, ओळी वाकड्या. आठ दिवस प्रवास बंद.
प.चा फोन. "आत्या, लगीन सहा दिसांवर. चिठ्ठ्या हायत, वही हाय, पर आकडा?" खरंय तिचं. कटिंग माझं, हूक-काजं तिची, आकडा तिला कधी सांगितलाच नाही. बायका वडूजला, कापड कराडात. नऊ ब्लाउज चुकले तर लग्नात माझं नाव निघणार. आणि फोनवर सांगवत नाही. पानं त्या चोरट्याकडं आहेत, कान पण असतील.

१३ फेब्रु.
दात घासताना सुचलं. प.चा हिरवा ब्लाउज, पहिल्या दिवाळीला मीच शिवला. तो मोजायचा, शिवताना ठेवलेली सैल, म्हणजे लूजिंग, कमी करायची (किती ठेवते ते तिला पाठ आहे), मग वहीतलं तिचं माप काढून त्यातून हे वजा करायचं. ज्याच्या पेटीत तो ब्लाउज नाही त्यानं खुशाल ऐकावं.
फक्त तिची भाजी सांगावी लागणार. तिथंच घोडं अडलं. आठ वर्षांमागं, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घेतलेलं माप. तेव्हा ती बोलायची नाही, बोललीच तर कडू. मीपण नवी सासू. रागात लिहिलं ते लिहिलं. नंतर पोर जीव लावत गेली आणि खोडायचं राहून गेलं. आता माझीच मला लाज वाटते.
दुपारपर्यंत फोन घेऊन बसले. ताई म्हणाली, "सांगून टाक की. सून हाय, पोलीस न्हाई."
सांगितलं. कारलं.
फोन ठेवला तिनं.

१४ फेब्रु.
प.चा मेसेज, दोन शब्द. "आकडा गावला." बाकी काही नाही. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रु.
फोटो आला. नऊच्या नऊ ब्लाउज, हूक लावून, घडी घालून. बाह्यांचे मुंढे माझ्यापेक्षा सरस बसलेत, हे तिला लगेच सांगायचं नाही.
मग फोन. "आत्या, आकडा मीबी कुणाला सांगत न्हाई. पर अख्खी वही धुंडाळली, तुमचं माप कुठंच न्हाई."
म्हटलं, माझं कोण घेणार.
"मी घेते की, आल्यावर. भाजीबी मीच ठरवली."
कुठली म्हणून विचारलं. फोनवर सांगत नसतात म्हणाली.