विरोधकाची खुर्ची

३ मार्च
साडू कंपनीचे सल्लागार झाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन चहा गार होण्याइतकाही वेळ गेला नाही. ज्या तळ्याच्या फायलीवर सही करून बाहेर पडले, तेच बुजवून गोदामं कशी बांधायची हे आता ते कंपनीला शिकवणार. आमच्या नळाला पाणी त्याच तळ्याचं.
बायकोने बातमी वेगळीच दिली — "अहो, ताईकडे गाडी आली. ड्रायव्हरसकट." 'ड्रायव्हरसकट' म्हणताना बघत होती माझ्या स्कूटरकडे.

६ मार्च, रविवार
आजच्या पेपरातल्या माझ्या सदरात दोघांची सालटी काढली. सरकार आणि कंपनी एकाच छत्रीतून चालले आहेत, भिजतोय आपण — असं काहीतरी. बरं जमलंय.

९ मार्च
धमकी द्यायला कोणी आलं नाही. विकत घ्यायलाही नाही. तळ्यासाठी ओरडणाऱ्या हेडमास्तरांच्या शाळेला कंपनीकडून सभागृह मिळालं, डॉक्टरांच्या दवाखान्याला एसी. साडूंचं तर विचारूच नका. माझं तोंड बंद करावं असं कोणालाच वाटू नये? इतका मी फुकटचा! बाणेदार नकार पाठ करून ठेवलाय. बायको म्हणाली, "आरशात कोणाला नाही म्हणताय?"

१४ मार्च
साडू जेवायला आले. भाताचा घास थांबवून म्हणाले, "तुमचं सदर आमचे साहेब मीटिंगमध्ये मोठ्याने वाचतात. हसून हसून पुरेवाट." मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

१७ मार्च
तळ्याची जनसुनावणी. पहिल्या रांगेत माझ्या नावाची पाटी लावलेली खुर्ची, शेजारी कंपनीची पाण्याची बाटली. जीव तोडून बोललो. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं — विरोधी मत सविस्तर ऐकले. संध्याकाळी मंजुरी.
दारात साडूंनी पाठ थोपटली. "तुम्ही नसता तर कोर्टाने म्हटलं असतं, लोकांना विचारलंच नाही. मोठं काम केलंत."
घरी आलो तर बायको नळाखाली एकामागून एक भांडी लावत होती. मी बादली आणून दिली.

१८ मार्च
सदर लिहिलं नाही.

२१ मार्च
कंपनीचा माणूस आला. नदीच्या वरच्या अंगाला धरण होतंय, त्याच्या जमिनीची सुनावणी आहे. "विरोधात बोलायला याल? गाडी पाठवतो." पाठ केलेला नकार आठवेना. विचारलं, "ड्रायव्हरसकट?"