मी बांधलेली शेचाळीस थंड घरे

मी, मोमोसे तोकुजी, वय एक्क्याऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार इना खोरे, नागानो प्रांत, हे माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो पेन धरला की. रंधा धरला की कापत नाही. मला कोणी समोर बसवून लिहायला लावलेले नाही. सात वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळेच मुलाच्या नावे होते. ते आजपासून रद्द. ते लिहिताना मी रागात होतो आणि राग चुकीच्या माणसावर होता.

कलम एक. घराविषयी.

राहते घर, त्याखालची जमीन आणि मागची पर्सिमनची तीन झाडे माझा एकुलता मुलगा योशितो याला द्यावी. तो नागोयाला असतो. बहुतेक विकून टाकील. खुशाल विकावे. फक्त घेणाऱ्यापासून एक गोष्ट लपवू नये. या घराच्या न्हाणीघरात माझी बायको हारुए गेली.

अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. बाहेर कमरेएवढे बर्फ. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती अंघोळीला गेली. जाताना म्हणाली, "अहो, मी आलेच. सूप गरम आहे, तोवर घ्या." मी सूप प्यायलो. दुसरा वाडगा भरून घेतला. तो संपला तरी ती आली नाही, तेव्हा उठलो. कपडे काढायच्या खोलीत हाडे गोठवणारी थंडी, आत कढत पाणी. ती त्या पाण्यातच होती.

डॉक्टर म्हणाले, अशा गारठ्यातून एकदम गरम पाण्यात गेले की रक्तदाब चढतो आणि कोसळतो. दर हिवाळ्यात अशी माणसे जातात. मी सगळ्यांना सांगितले, वय झाले होते. ती अडुसष्ट वर्षांची होती.

हे घर मी बांधलेले. न्हाणीला उत्तरेची खिडकी, जमिनीखालून खेळता वारा, भिंतीत नुसती माती. घर उन्हाळ्यात सुखाचे असावे, थंडी माणूस सोसून घेतो, असे माझ्या उस्तादाने मला शिकवले. मी ते या खोऱ्यात शेचाळीस घरांत ठोकून बसवले आणि त्याचा अभिमान बाळगला.

कलम दोन. शेडविषयी. हे कलम वाचताना योशितोने मध्ये बोलू नये.

सुतारकामाची शेड, तिच्याखालची जागा, माझे सगळे रंधे, पटाश्या, करवती, गुण्या, साठवलेले लाकूड आणि छपरावरची बावीस सोलर पॅनेल हिदाका चिनात्सू हिला द्यावी. ती पूर्वी माझी सून होती. योशितोशी काडीमोड झाल्यावर तिने माहेरचे नाव परत घेतले. कायद्याने ती माझी कोणीही नाही. म्हणूनच हे ठळक अक्षरांत लिहिले आहे.

हारुएचे दिवसकार्य उरकले त्याच आठवड्यात चिनात्सूने घरात प्रत्येक खोलीत एक छोटे तापमापक टांगले. जेवताना म्हणाली, "बाबा, न्हाणीबाहेर दोन अंश आहे."

"मग?"

"फ्रिजमध्ये चार आहे."

"काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. आपल्या फ्रिजपेक्षा न्हाणीबाहेर जास्त गार आहे, एवढंच."

ती दक्षिणेकडची, मियाझाकीची. मी ओरडलो, "उन्हात वाढलेल्या पोरीनं मला थंडी शिकवू नये!" आणि उठून तापमापक खिळ्यावरून ओरबाडून अंगणातल्या बर्फात भिरकावले. योशितो टीव्हीकडे बघत बसला. चिनात्सू बूट घालून बाहेर गेली, हाताने बर्फ उकरून ते शोधले, ॲप्रनला पुसले आणि त्याच खिळ्याला लावले. दुसऱ्या दिवशी मी शेडला कुलूप घातले आणि सांगितले, आत पाऊल टाकायचे नाही.

तिने टाकले नाही. शनिवार-रविवार शहरात जाऊन शिकली आणि आमच्याच ओसरीवर गुडघे टेकून कामाला लागली. जुन्या खिडकीच्या आत आणखी एक खिडकी बसवायची: स्वस्त लाकडाची चौकट, तिच्यात दुपदरी प्लास्टिकचा पत्रा. जमिनीखाली आणि छताच्या वर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या कापसाचे जाड अस्तर. माणसाला परवडेल तेवढेच, एका वेळी एक खोली, आणि तीही जिथे तो झोपतो ती आधी. मी ओसरीवरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

तिचे पहिले गिऱ्हाईक मियासाका फुकु, ऐंशीची एकटी बाई. तिचे घर माझेच, तीस वर्षांपूर्वीचे. कुठल्याशा कंपनीचा विक्रेता तिच्या ओट्यावर बसून तिला छपरावर पॅनेल घ्यायला लावत होता, पंधरा वर्षांचे हप्ते. चिनात्सू तिथे पोचली. तो प्रसंग फुकुने नंतर गावभर नक्कल करून दाखवला.

"साहेब, आजींच्या खिडकीतून वारा आत येतोय. तुम्ही छपरावर काय विकताय?"

"मॅडम, विजेचं बिल निम्मं होईल."

"भोकाच्या बादलीत पाणी ओतायला मोठा नळ कशाला? आधी भोकं बुजवायची, मग सूर्य पकडायचा. आजी किती जागेत राहतात माहितेय तुम्हाला? सहा चटया मावतील एवढ्या एका खोलीत!"

विक्रेता चहा न पिता गेला.

आठवड्याने फुकुचा फोन आला. "अरे तोकुजी, तुझ्या सुनेनं काय करून ठेवलंय, येऊन बघ." मी हसायला गेलो. हे कबूल करतो. चौकट खरेच वाकडी होती. एका कोपऱ्यात बोटभर फट, तिच्यात गोधडीचा कापूस कोंबलेला.

"हा कोपरा गुण्यात नाही, काटकोन चुकलाय," मी म्हणालो.

"माहितेय, बाबा," चिनात्सू म्हणाली. "पण हात लावून बघा."

मी तळहात पुढे केला. वारा नव्हता. मी बांधलेल्या घरात, जानेवारीत, खिडकीपाशी वारा नव्हता.

फुकु म्हणाली, "काल मी टोपी न घालता झोपले. तीस वर्षं मला वाटायचं थंडी माझ्या हाडांत आहे. ती तुझ्या खिडकीत होती रे."

तिने ते रागाने म्हटले नाही, हेच सोसवेना. मी घरी आलो, शेडचे कुलूप काढले, बारीक रंधा घेतला आणि परत गेलो. चौकट उतरवली. दुसरे टोक चिनात्सूने धरले. तासाभरात कोपरा बसला. वाटेत येताना मी एवढेच म्हणालो, "उद्या आठ वाजता ये. हत्यारं धार लावल्याशिवाय वापरायची नाहीत."

दोन वर्षांनी योशितो नागोयाला गेला तो गेलाच, आणि काडीमोडाचे कागद आले. मला वाटले, हिच्या खिडक्यांपायी संसार मोडला. त्या रागात मी ते पहिले मृत्युपत्र लिहिले. चिनात्सूने गावात भाड्याची खोली घेतली. मी समजलो, संपले. दुसऱ्या दिवशी बरोबर आठ वाजता ती डबा घेऊन शेडच्या दारात.

"तू कशाला आलीस?"

"आज ओगुचींकडचं छत आहे ना? शिडी काय एकट्यानं धरणार आहात तुम्ही?"

नंतर योशितोनेच मला फोनवर सांगितले, "बाबा, तिनं नाही सोडलं. मीच निघून आलो. मला ते गाव नको होतं, आणि तिला तेच हवं होतं." खरे बोललास, पोरा. त्यासाठी मला तुझ्याबद्दल मान आहे. म्हणून घर तुला.

मी अनेक चांगले कारागीर पाहिले. माझ्या उस्तादाचे सांधे असे, की पाण्याचा थेंब आत शिरायचा नाही. पण स्वतःची चूक नसताना दुसऱ्याची चूक दुरुस्त करत, त्याला कमीपणा न आणता घरोघर फिरणारे माणूस मी एकच पाहिले. प्रत्येक दारात मी मान खाली घालून म्हणायचो, "हे घर मी बांधलं, थंड बांधलं, माफ करा." ती लगेच पुढे व्हायची: "सांगाडा यांनी असा मजबूत केलाय, की आम्हाला फक्त अस्तर लावायचंय." मी हे ऐकायला मिळावे म्हणून मान जरा जास्तच खाली घालू लागलो होतो.

पॅनेल आली ती सर्वांत शेवटी. बंद पडलेल्या एका सरायीच्या छपरावरची जुनी. तिने एकेक मीटर लावून तपासली आणि चांगली तेवढीच उचलली. माझ्या कौलांवर ते काळे पाट बघून मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी विजेची मोठी करवत नुसत्या उन्हावर चालली. मी गरज नसताना चार फळ्या कापल्या.

आमचे स्वतःचे न्हाणीघर मात्र मी टाळत राहिलो. पाच वर्षांपूर्वी तिने विचारले नाही, सरळ मापे घेतली. आता छपरावरच्या उन्हाने दुपारीच पाणी तापते, भिंतीत अस्तर आहे, उत्तरेच्या खिडकीला आतली खिडकी आहे. काम संपले त्या दिवशी मी त्या खोलीत कपडे काढून उभा राहिलो. अठरा अंश. हारुएला त्यातला एकही मिळाला नाही. मी तिथेच खाली बसलो आणि मोठ्याने रडलो. दाराबाहेरून चिनात्सू म्हणाली, "बाबा, सावकाश होऊ द्या. मी चहा टाकते." आणि आवाज ऐकू येणार नाही इतकी लांब गेली.

कलम तीन. पोस्टातली शिल्लक.

शेचाळीसपैकी तेहतीस घरे झाली. चार ओस पडली आहेत. उरलेल्या नऊ घरांना लागेल ते लाकूड, पत्रा आणि ग्लासवूल माझ्या शिलकीतून आणावे. घरमालकांनी नको म्हटले तर चिनात्सूने त्यांना सांगावे, की ही मदत नव्हे, राहिलेले काम आहे. उरेल ते योशितोचे.

कलम चार. हायाशिदा गेनपेई.

लाकडाचा व्यापारी, माझा शाळेपासूनचा मित्र. याने भर पंचायतीत म्हटले होते, "आपला तोकु आता प्लास्टिकचा सुतार झाला." आठ वर्षे झाली, मी विसरलेलो नाही. त्याच्याकडे आता पाच आतल्या खिडक्या आहेत आणि कोणाला दिसू नयेत म्हणून तो दिवसाही पडदे ओढून बसतो. त्याला माझे साकेचे पेले ठेवणार होतो. पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात. बरेच झाले. त्याने पडदे उघडावेत.

कलम पाच. पाटीविषयी.

गेल्या महिन्यात मी चिनात्सूला म्हणालो, "कागद करून टाकू. दत्तक मुलगी म्हणून. मोमोसे नाव घे, मग कोणी बोट दाखवणार नाही."

ती तांदूळ धूत होती. म्हणाली, "नको, बाबा."

"का? लाज वाटते या नावाची?"

"तसं नाही हो. ते नाव मला एकदा लग्नानं मिळालं आणि गेलं. आता कागदानं मिळालं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं लेक केली म्हणून शेड मिळाली. मला ती सुताराकडून सुताराला मिळालेली हवीय."

तिने हात पुसले आणि भात लावला. मला थोडा राग आला, आणि राग ओसरल्यावर छाती भरून आली.

त्या आठवड्यात मी चेस्टनटची एक फळी काढली. तिच्या माहेरच्या नावाची, हिदाकाची, अक्षरे दोन. पहिल्याचा अर्थ सूर्य, दुसऱ्याचा उंच. इतकी वर्षे हे नाव मी कागदांवर नुसते पाहिले, कधी वाचले नव्हते. ती फळीवर कोरायला नऊ दिवस लागले.

पाटी शेडच्या मागच्या भिंतीला, फळ्यांच्या आड, कापडात गुंडाळलेली आहे. माझी पाटी उतरवून ती लावावी. मला जाळून आणल्यावर सुतकाचे एकोणपन्नास दिवस थांबू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लावावी, कारण तेव्हा ती कामाला आलेली असेल.

वरील सर्व मी वाचले, दोनदा वाचले, आणि माझी मोहोर उमटवली.

मोमोसे तोकुजी
इना खोरे, नागानो
१६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
हायाशिदा गेनपेई, लाकूड व्यापारी (कलम चार वाचून, तरीही)
ओगुची साए, निवृत्त परिचारिका