हिरड्याचा करार आणि देवीचा कौल

ठाकुर्ली, माळावरच्या झोपडीतून
माघ, शके १८१८

...तर मामा, अण्णांनी त्या कागदावर सही का केली नाही हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे पत्र. (आधी नमस्कार. तुमच्या आणि मामीच्या पायांवर डोकं ठेवलंय असं समजा. स्वतः आलो असतो, पण स्टेशनावर डॉक्टर काखेत हात घालून गाठ बघतो आणि मला गुदगुल्या होतात. मागच्या खेपेला हसलो म्हणून त्याने मला पुन्हा तपासलं.) इथे आम्ही सगळे नीट आहोत. कल्याणातली घरं बंद करून सगळी आळी माळावर झोपड्या बांधून राहिलीये. आई म्हणते हवा चांगली आहे, फक्त चूल पेटवायच्या वेळी नको असते. मामीचा खोकला कसा आहे ते कळवा. हल्ली प्लेगपुढे साध्या खोकल्याला कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम विचारतोय.

तुम्ही ठाण्याच्या कोर्टात आहात आणि तिथे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं असं तुम्हीच म्हणता, तेव्हा पहिल्यापासून. अण्णांचा आणि बॉस्कोकाकांचा लंडनच्या एका चामडेवाल्या साहेबाशी हिरड्याचा करार आहे. हिरडा अण्णा आंबिवलीच्या पलीकडच्या जंगलातून आणवतात, बॉस्कोकाका आपल्या शिडाच्या पडावातून खाडीने मुंबईला नेतात, तिथून आगबोट. साहेब त्यात कातडी कमावतो. करार तीन वर्षांचा आहे, पण मार्चअखेर माल बोटीवर चढला नाही तर तो तिथेच संपला, असं त्यात लिहिलंय. आता वखार छपरापर्यंत भरलीये आणि पोतं उचलायला माणूस नाही. हमाल गावी पळाले, पडावावरचे खलाशी पळाले, मुंबईच्या गोदीतले तर त्यांच्याही आधी पळाले. करार गेला तर अण्णांना वखार सोडून या वयात दुसऱ्याच्या दुकानात बसावं लागेल. ते बोलून दाखवत नाहीत, पण रोज संध्याकाळी चालत जाऊन वखारीचं कुलूप ओढून बघतात. (ओस गावाच्या वेशीवर शिपाई अडवतो. अण्णा त्याला सांगतात, मी गावात जात नाहीये, कुलपापर्यंतच जातोय.)

अशा वेळी घरात इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. मी करारनामा काढून वाचायला बसलो आणि सातव्या कलमात मला ते सापडलं: अ‍ॅक्ट ऑफ गॉड. म्हणजे वादळ, भूकंप, साथ असं माणसाच्या हाताबाहेरचं काही देवाने केलं, तर माल अडकल्याचा दोष कोणावर नाही. ज्याने हे कलम लावलं त्याने मुदत वाढवून मागावी, नाहीतर करारातून मोकळं व्हावं. मला इतका आनंद झाला की मी चुलीपाशी उभा राहून ते कलम मोठ्याने वाचलं. आईने विचारलं, कोण गेलं? (हल्ली मोठ्याने वाचलेलं काहीही तसंच वाटतं.) दुपारपर्यंत माझं साहेबाला मुदत मागणारं पत्र तयार होतं, आणि त्यात ‘व्हेअरअ‍ॅज’ हा वकिली शब्द पाच वेळा आलेला. फक्त दोघांच्या सह्या हव्या होत्या.

अण्णांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, हा ताप देवाचं काम आहे असं आपण लिहून देतोय. ते म्हणाले, “कोणत्या देवाचं?” मी म्हटलं, तसं नाव घातलेलं नाही. “नाव न घालता आरोप करायचा? इथे घरोघर बायका देवीची ओटी भरतायत, आणि मी तिकडे साता समुद्रापार तिच्याविरुद्ध लिहून पाठवू? तिला कळलं तर?” मी म्हटलं, अण्णा, इंग्रजीत आहे. “तिला येतं इंग्रजी,” अण्णा म्हणाले, “तुझ्यापेक्षा बरं.”

म्हणून बॉस्कोकाकांकडे गेलो. म्हटलं, हे तर त्याच गॉडचे, यांना अडचण नसावी. ते पडावाला डांबर लावत होते. “अरे मधु, पाद्री काय सांगतो रविवारी? देव रोग पाठवतो तो आपल्या पापासाठी. मग पाप कोणाचं? आपलं. साहेब म्हणेल, तुमच्या पापाने माल अडला, आता भरा दंड. आणि तू मला सांगतोस सही कर. तुझी शाळा कोणती रे?” (यावर कायद्यात उत्तर असणार. मला ते अजून सापडलेलं नाही.)

शेवटी अण्णांनी आपल्या पद्धतीची तोड काढली. देवीलाच विचारायचं. बंदरावरच्या देवळात कौल लावायचा: उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, माझंच काम, खुशाल लिहा, डावीकडची पडली तर नाही. बॉस्कोकाका म्हणाले, मी आत येणार नाही, पण उंबऱ्याबाहेरून बघणार, निम्मा धंदा माझा आहे. गुरवाने पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. प्रश्न मी लिहून नेलेला: सदरहू ताप हा पूर्णतः अथवा अंशतः आपल्या कृत्यामुळे उद्भवला असल्यास, आणि त्यात कोणाही माणसाची हयगय नसल्यास... गुरवाने तिथेच थांबवलं. “शहाण्या, तिला सध्या खूप कामं आहेत. एका दमात विचार.” मग अण्णांनीच विचारलं, आई, हे तुझं का? आणि आम्ही बसलो. बॉस्कोकाकांनी टोपी काढून छातीशी धरलेली. (नंतर म्हणाले, उकडत होतं.)

डावीकडची पडली.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी सांगत होतो,” म्हणाले, “ती असं करणार नाही.” करार जवळजवळ हातचा गेलेला, पण त्या दिवशी ते पोटभर जेवले, कित्येक दिवसांनी.

मग अण्णांनी सांगितलं तसं साधं पत्र गेलं. इथे माणसं आजारी आहेत, माल तयार आहे, मुदत वाढवा, दराचं बसून बोलू. देवाचं नाव कुठेही नाही. दोघांनी सह्या केल्या. ‘व्हेअरअ‍ॅज’ मी एकच ठेवला.

ते पत्र अजून बोटीत असेल, आणि परवा साहेबाचंच पत्र येऊन पडलं. तो लिहितो, मुंबईचा माल आता त्यांच्या बंदरात कोणाला नको आहे, सबब अ‍ॅक्ट ऑफ गॉड, कलम सात, आम्ही करारातून मोकळे. अण्णांनी मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. “त्याच्या गावात ताप आहे?” नाही. “त्याचे हमाल पळाले?” नाही. “मग रोग आमच्याकडे आणि सुटका त्याला, हे कुठलं कलम?” मी सगळा करारनामा उलटा-सुलटा पाहिला. असं कलम त्यात नाही.

तेव्हा बॉस्कोकाका म्हणाले (होय, बॉस्कोकाकाच), “आपल्याकडे कौल आहे ना? देवीने स्वतः सांगितलंय, माझं काम नाही. मग ह्याचं कलम लागतं कुठे? लिही मधु.” अण्णांना ते लगेच पटलं. आता उत्तर तयार होतंय, खाली गुरवाचा अंगठा घेऊन. साहेबाने एकतर मुदत वाढवावी, नाहीतर हे देवाचं काम आहे असा त्याच्या चर्चचा दाखला पाठवावा, असा त्याचा मतलब आहे. माझ्या मते मुद्दा पक्का आहे.

तुमचा भाचा,
मधु

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. बॉस्कोकाकांना धास्ती आहे की साहेब म्हणेल, कल्याणची देवी काय, तुमच्याच बाजूने बोलणार. म्हणून ठाण्याचा एक त्रयस्थ कौल जोडावा असं ठरलंय. तुमच्या आळीतल्या देवळात लावून खाली तुमची सही घालून पाठवा. कोर्टातल्या माणसाच्या सहीला वजन असतं.

आणखी ता. क. (हे अण्णांना कळवू नका.) तुमच्याकडे उजवी पडली तर करार जाईल तो जाईलच, पण हे सगळं तिचंच होतं असं अण्णांना मी कोणत्या तोंडाने सांगू? तुमचा गुरव ओळखीचा आहे. चिकटवताना उजव्या पाकळीला पाणी थोडं जास्त लागून ती घट्ट बसली आणि डावीला जरासं कमी लागलं, तर कोणाच्या लक्षात येणार नाही. माझी शंका फक्त कायद्याची आहे. देवाच्या कामात माणसाने असा किंचित हात घातला, तर ते काम कोणाचं धरायचं? तुमचं काय मत आहे, मामा?