साडूंचा खंड्या आणि माझे भिंग

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत हे ऐकून बरे वाटले. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून सगळे.

कारण आमचे साडू. दातांचे डॉक्टर माणूस, जन्मभर लोकांच्या तोंडात बघितले, तर पुढेही तिथेच बघावे ना? पण गेल्या वर्षी कॅमेरा घेतला, तळ्यावर जाऊन बसले आणि खंड्याचा फोटो काढला. पक्षी पाण्यातून उसळून वर येतोय, चोचीत मासा, भोवती थेंबच थेंब. मामा, खोटे कशाला बोलू, फोटो बघितला आणि माझ्या पोटात दुखायला लागले. मी इतकी वर्षे स्टुडिओ चालवतो, अर्ध्या गावाचे पासपोर्टचे फोटो माझ्या हातचे, पण कुणी कधी माझा फोटो बघून ‘अगं बाई!’ म्हटले नाही. वर त्याची मोठी प्रतही माझ्याच स्टुडिओत काढायची ठरली, घरचा माणूस असताना बाहेर कशाला म्हणून! एक प्रत फोटो क्लबच्या स्पर्धेला गेली. दुसरी तुमच्या सूनबाईने आमच्या हॉलमध्ये माझ्या खुर्चीसमोर टांगली. (तिथे आमचा लग्नातला फोटो होता. तो सध्या कपाटामागे आहे.)

पहिले बक्षीस साडूंनाच मिळणार अशी हवा झाली, तेवढ्यात क्लबात कुणीतरी शंका काढली की हा फोटो खरा की कॉम्प्युटरवर जुळवलेला? आणि पारख करायला मला बोलावले, कारण जुळवाजुळवीत माझा हात धरणारा इथे कोणी नाही. मला देव पावला. भिंग घेऊन गेलो. उजेडाची दिशा बघितली, ठीक. पाण्यातले प्रतिबिंब बघितले, ठीक. पंखांच्या कडा, त्याही ठीक. घाम फुटायची वेळ आली, तोच शेपटीजवळ दोन थेंब दिसले, हुबेहूब एकसारखे, आतली चमकसुद्धा तीच! मग काय विचारता. सगळ्यांसमोर उभा राहून मी भाषणच ठोकले की असे जुळे थेंब निसर्गात पडत नाहीत, एकाची नक्कल दुसरीकडे चिकटवली आहे. साडूंचा चेहरा पडला. मेहुणी माझ्याकडे अशी बघत होती की तिच्या घरचा चहा मला कायमचा बंद. तरी मला आतून गुदगुल्या होत होत्या.

साडूंनी कॅमेऱ्यातला मूळ फोटो पडद्यावर लावला. त्यात तिथे थेंब एकच. दुसऱ्याच्या जागी आणखी एक इवलासा मासा, चोचीतून निसटून हवेत उडालेला. सगळा हॉल ‘अगं बाई!’ म्हणाला आणि मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मामा, स्टुडिओत चेहऱ्यावर काळा ठिपका दिसला, तीळ असो की मुरूम, की माझा हात तो पुसतो आणि शेजारची कातडी त्यावर चढवतो. मला विचारतही नाही. प्रत काढताना तो मासा मला डाग वाटला असणार, आणि शेजारचा थेंब त्यावर चढला.

बक्षीस साडूंनाच मिळाले. ‘मशीनची काहीतरी गडबड झाली असेल,’ असे त्यांनी सगळ्यांना सांगितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती. आता आमच्या हॉलमध्ये माशासकट नवी प्रत आहे, आधीपेक्षा मोठी. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्याकडच्या फोटो स्पर्धेचे परीक्षक तुम्हीच आहात असे मामी फोनवर म्हणाल्या. सोबत माझा फोटो पाठवत आहे. साडूंच्याच तळ्यावर काढला, चिखलात घसरून. (कंबर तिथेच धरली.) नात्यागोत्याचा विचार अजिबात करू नका. थोडा केलात तर माझी हरकत नाही.

पुन्हा ता. क. पाणी, गवत, आभाळ शंभर टक्के अस्सल आहे. पक्षी काही केल्या आला नाही, म्हणून तेवढा साडूंचा घेतला आहे. भिंग लावू नका.