स्वतः पाहिले

मंगळवार, दुपारी अडीच

प्रिय ताई,

नमस्कार. एकाच शहरात दोन बस बदलून पोहोचता येईल इतक्या अंतरावर आपण राहतो आणि मी तुला पत्र लिहिते आहे, म्हणजे तू हसशील. हस. "पट्ट्या हातांना आहेत, तोंडाला नाहीत," असं तू परवा नर्सबाईंना सुनावलंस म्हणे. भाऊजींनी सांगितलं.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. भाऊजींना कागद समोर धरायला सांग, पान संपलं की मान हलव, ते उलटतील. पण वाचायचं तूच. त्यांनी मोठ्याने वाचू नये.

इकडे सगळं ठीक. बटणचा खोकला आहे अजून थोडा. कारखान्याला सील लागल्यापासून मी घरीच, त्यामुळे तिला पाळणाघरात पाठवत नाही. ती दिवसभर माझ्या मशीनखाली बसून कापडाचे तुकडे गोळा करते आणि रंगाप्रमाणे लावते. काल मला म्हणाली, "आई, तू पाय हलवलास की माझ्या घरात भूकंप होतो." तिच्या बाबांच्या दोन जुन्या शर्टांची तिला तीन झबली शिवली. काजं हातानेच केली. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक काज होतं, हे तुझं गणित बरोबर आहे. पूर्वी कारखाना, पाळणाघर, स्वयंपाक यांतून वीस मिनिटं सापडली की मी सुई घेऊन बसायचे आणि दिवसातली तेवढीच वीस मिनिटं माझी असायची. बसमध्ये उभ्याने विणताना शेजारच्या बायका विचारायच्या, कोणासाठी? सांगताना मला काय अभिमान वाटायचा! आता सगळा दिवस मोकळा आहे आणि हात चालत नाही.

भाऊजींनी तुझी लोकरीची पिशवी आणून दिली. म्हणाले, "हे आता तिच्याने व्हायचं नाही. तू पुरं कर." बटणच्या स्वेटरचा पुढचा भाग तू संपवला होतास. पाठ मी घातली. तेवढेच टाके, त्याच सुया, तीच लोकर, तरी माझी पाठ दोन बोटं रुंद झाली. तुझे टाके बघ, एकाला एक चिकटून बसलेले, आणि माझे असे पाय पसरून. मला आठवलं, तू मला शिकवलंस तेव्हा मी अकरावीत होते आणि तू माझ्या डोक्यावर सुई मारून म्हणाली होतीस, "पुस्तकं एवढी वाचतेस, धागा ओढून धरता येत नाही होय गं?"

ताई, खोकला कधीच गेला. तीन आठवडे झाले.

तुला भेटायला का येत नाही असं तू विचारतेस आणि मी भाऊजींकडे दरवेळी तोच खोकला पाठवते. पाच आठवड्यांत एकदाच आले, तेही तू औषधाच्या गुंगीत होतीस तेव्हा. तुझे दोन्ही हात उशांवर ठेवलेले होते, कोपरापर्यंत गुंडाळलेले. मी दारातूनच परत फिरले. तू जागी असतीस तर माझ्याकडे बघून हसली असतीस, आणि ते मला झेपलं नसतं.

आता रजिस्टरबद्दल लिहिते.

मी कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले तेव्हा मागच्या लोखंडी दाराला कायम कुलूप असायचं. कापड चोरीला जातं, असं मालकांचं म्हणणं. पुढचा जिना इस्त्रीच्या टेबलांना लागून, मागचं दार बंद, आणि मध्ये आपल्या चाळीस बायका. मी किती भांडले ते तू पाहिलंस. अर्ज लिहिले, नियमाची पानं शोधून त्यांच्या टेबलावर ठेवली. शेवटी कुलूप निघालं. परत लागू नये म्हणून रजिस्टरही मीच सुरू केलं. रोज चार वाजता मागे जायचं, दार उघडायचं, जिन्यात डोकवायचं आणि लिहायचं: "दार उघडे. स्वतः पाहिले." खाली सही. बायका हसायच्या, "आमची हजेरी घ्यायला कोणी नाही, दाराची मात्र रोज!" धागे कापणाऱ्या मावशी तर रोज विचारायच्या, "दार काय पळून जातंय का गं?" पण तू सगळ्यांना दटावलंस. "माझी बहीण घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे," म्हणालीस, "ती लिहिते ते बघूनच लिहिते."

सात महिने मी बघूनच लिहिलं. तापात असताना, पाऊल मुरगळलं असताना, बटणला कडेवर घेऊनसुद्धा.

त्या गुरुवारी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, पण बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बटणचा शाळेतला पहिला कार्यक्रम होता. पिवळा फ्रॉक तयार होता, फक्त घेराची खालची दुमड शिवायची होती. खिडकीजवळचं मशीन रिकामं होतं. मी फ्रॉक पिशवीतून काढताना तू तुझ्या मशीनवरून ओरडलीस, "आण इकडे, दोन मिनिटांत मारून देते." आणि मी म्हणाले, "नको, हिचं पहिलं नाचणं आहे, हे मीच करणार." तू म्हणालीस, "कर बाई कर, वाकडं झालं तर माझं नाव सांगू नकोस." आठवतंय ना?

चार वाजले तेव्हा निम्मा घेर व्हायचा होता. मी घड्याळ पाहिलं. रजिस्टर तिथेच मागवून घेतलं, कापड सुईखाली तसंच ठेवून मशीनच्या पाटावर उघडलं आणि लिहिलं, "दार उघडे. स्वतः पाहिले." सही केली. वळणदार, रोजच्यासारखी. मग उरलेला घेर शिवला. ताई, तुला खोटं सांगणार नाही. ती पंधरा मिनिटं मी फार सुखात होते. उजेड छान होता, कापड सरळ सरकत होतं, दुमड एका रेघेत आली होती. साडेचारला फ्रॉक पिशवीत घालून मी पाळणाघराकडे निघाले. जाताना तुला दाखवला. तू मान वर न करता म्हणालीस, "बरा आहे की!"

पाच वाजून दहा मिनिटांनी इस्त्रीच्या टेबलाखालच्या चिंध्यांनी पेट घेतला. पुढचं मी तुला काय सांगू? तू मागच्या दाराशी होतीस.

दार बंद होतं हे तू पहिल्या दिवसापासून सांगते आहेस. मावशी त्यांच्या कमरेची जुन्या कुलपाची चावी कुलपात फिरवत होत्या, ती लागत नव्हती, आणि तू दोन्ही हातांनी तापलेला अडसर ओढत होतीस. शेवटी खालच्या लोकांनी बाहेरून दार तोडलं. तू वाचलीस, मावशी धुराने गेल्या.

मग आठवड्याभराने मालकांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या सहीने आपल्याला वाचवलं." आपल्याला! मी विचारलं, कसं? ते म्हणाले, "चारला दार उघडं होतं, तुमच्या अक्षरात आहे. नंतर बंद झालं. चावी म्हातारीच्या हातात सापडली. म्हणजे कुलूप तिनेच लावलं. दुपारी तिथे पाय पसरायची सवय होती ना तिला."

मी म्हटलं, पण त्यांची चावी तर लागत नव्हती.

त्यांनी कप खाली ठेवला. अगदी शांतपणे बोलले, तेच तुला जसंच्या तसं लिहिते. "दुपारी गठ्ठे आले तेव्हा नवीन कुलूप मीच घातलं. तुम्ही चारला मागे गेला असतात, तर तिथूनच माझ्याशी भांडत आला असतात. आला नाहीत. म्हणजे गेलाच नाहीत. मी तुम्हाला काही विचारलं का? नाही ना? मग तुम्हीही विचारू नका. नव्या जागेत तुमची खुर्ची पक्की."

मी चहा प्यायले, ताई. पूर्ण कप.

मला नेहमी वाटायचं, वाईट करणारी माणसं निराळी असतात, त्यांच्याशी लढायला शिकायचं असतं. कॉलेजात यावर मी निबंध लिहिला होता, तू तो शेजारणींना वाचून दाखवला होतास. त्या दिवशी खुर्चीतून न उठता सही करणारी बाई पाहिली, तिच्या हातात पिवळा फ्रॉक होता.

तरीही मी चार आठवडे गप्पच बसले. रोज ठरवायचे, आज लिहू, आणि मग बटणचं काहीतरी शिवायला काढायचे. तीन झबल्यांचं कारण तेच आहे. रविवारी बाजारात मावशींची लेक दिसली. एक बाई तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या आईने आमच्या बायकांना कोंडून मारलं असतं." ती मुलगी भाजीची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. तिने मला ओळखलं आणि वर मलाच विचारलं, "तुमच्या ताईचे हात कसे आहेत?"

आणि काल भाऊजींनी सांगितलं की तू तुझा जबाब बदललास. आधी तू म्हणाली होतीस, दार दिवसभर बंदच असणार. आता म्हणतेस, "माझ्या बहिणीने चारला पाहिलं असेल, तर उघडंच होतं. नंतर कोणी लावलं असेल तर मला माहीत नाही." चौकशीच्या साहेबांनी तुला तीनदा विचारलं आणि तू तीनदा तेच सांगितलंस. तेच साहेब उद्या सकाळी तो कागद पक्का करायला वॉर्डात येणार आहेत, तुला धरता येत नाही म्हणून तुझ्या वतीने भाऊजी सही करतील.

करू देऊ नकोस.

तू तुझ्या डोळ्यांपेक्षा माझ्या सहीवर विश्वास ठेवलास. मी शिकावं म्हणून तू आठवीत शाळा सोडून मशीनवर बसलीस, त्याचं हे फळ मी तुझ्या पदरात घातलं. तू जे पाहिलंस तेच सांग. दार बंद होतं, मावशींची चावी लागत नव्हती. मी आज सकाळी माझा जबाब साहेबांच्या ऑफिसात लिहून दिला. मालक काय बोलले तेही त्यात आहे. मालक नाकारतील, पण माझी सही खोटी होती हे मला कोणी नाकारायला लावू शकत नाही. पोचीचा शिक्का घेतला आहे. या पत्रासोबत त्याची नक्कल आहे, ती उद्या साहेबांसमोर ठेव. गुरुवारी अकरा वाजता मला बोलावलं आहे. त्या दिवशी परत येईन की नाही, माहीत नाही.

बटणच्या बाबांना काल सांगितलं. ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "तुला आत घातलं तर हिची वेणी कोण घालणार?" मी म्हटलं, तुम्ही शिका. ते कामावर गेले. आज सकाळी मात्र त्यांनी वेणी घातली. वाकडी घातली. बटणने आरशात बघून सांगितलं, "बाबा, परत."

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तू करशील, आणि मला ते तुझ्याकडून उकळायचं नाही. भेटायला ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर भाऊजींबरोबर निरोप पाठव, खोकल्याचं कारण देऊ नकोस, सरळ नको म्हण.

पिशवीत स्वेटरचे दोन्ही भाग ठेवले आहेत. मी ते जोडलेले नाहीत. भाऊजींना दोन्ही तुझ्यासमोर धरायला सांग. माझी पाठ उसवायची की अशीच जोडायची, हे तूच बघून ठरव.

भाऊजी पाच वाजता डबा न्यायला येतील, तेव्हा हे त्यांच्या हाती देईन. चार वाजले आहेत. मी सबंध पत्र उभी राहून दोनदा वाचलं, मगच सहीसाठी पेन हातात घेतलं.

स्वतः लिहिले. स्वतः वाचले.

तुझी धाकटी