खजुराची राख

६ जानेवारी, मंगळवार
नोंद व्हावी: ऑफिसच्या एसीच्या बटणावर आजपासून प्लास्टिकची पेटी, पेटीला कुलूप. किल्ली अॅडमिनकडे. अॅडमिन रजेवर. आकडा अठरावर. जुमेरा लेक टॉवर्सच्या एकविसाव्या मजल्यावर स्वेटर-मफलर घालून दिवसभर बॉयलरची कोटेशनं टाइप केली. उष्णता विकणारा माणूस गारठून मेला तर शोकसभा निदान बाहेर, उन्हात घ्या.
(दुबईत बॉयलर? लोक आता विचारतही नाहीत. आधी हसून घेतात.)
संध्याकाळी फोन. अल क्वोजच्या लेबर कॅम्पात कालपासून गरम पाणी नाही. आपलाच बॉयलर. खजुराच्या फांद्यांचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, पेलेट्सवर चालणारा, ब्रोशरच्या मुखपृष्ठावरचा, हिरवागार.

७ जाने., बुध.
साडेसातला कॅम्पवर. चारशे माणसं पहाटे चारला गार पाण्याने आंघोळ करून साइटवर गेलेली. गच्चीवरची टाकी, रात्रीचा वारा. नळाशी एक जण दात घासत होता. "साब, गरम पानी जुलाई में आएगा ना? इन्शाल्ला?" जुलैत इथे गार नळालाही चटका बसतो. हसलो. हसायला नको होतं.
बॉयलर उघडला. जाळीवर राख वितळून गोठलेली, काळी, काचेसारखी. चिक्कीची अख्खी थाळी. हवेला भोक नाही. छिन्नीने फोडावी लागली.
कॅम्पचे बॉयलर ऑपरेटर मुश्ताकभाई मुलीच्या निकाहसाठी दोन आठवडे गावी, दापोलीकडे. बदली माणूस घाबरून उभा. भिंतीवरचं लॅमिनेट केलेलं पान दाखवलं: राख आठवड्यातून एकदा काढावी. "सर, लिखा है वैसा ही किया."
बरोबर. लिहिणारा मी.

८ जाने., गुरु.
इथे तरी खरं लिहू. मूळ मॅन्युअल युरोपातलं, थंडीत घरं गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं. स्वच्छ लाकूड, चिमूटभर राख. मी 'वुड'च्या जागी 'डेट पाम' घातलं. फाइंड, रिप्लेस. कागदावर सगळीकडे बदललं, डोक्यात कुठेच नाही. खजुराच्या फांदीत क्षार जास्त, राख ढीगभर, आणि ती लवकर वितळते. माहीत होतं मला. कोटेशनची घाई, आणि
खन्नासाहेब, आमचे जी.एम.: "क्लायंट पूछ रहा है गलती किसकी. मशीन की बोलेंगे तो बाकी तीन कॅम्प का ऑर्डर गया. लिखो, ऑपरेटर ने हँडओव्हर ठीक से नहीं दिया. यल्ला, खलास करो."
लिहिलं. भाषा नेहमीसारखी नेटकी. सही केली. चहा प्यायलो.

१२ जाने., सोम.
नवी जाळी बसवायला कॅम्पवर. मुश्ताकभाई आलेत. निकाहची नानखटाई डब्यात, खास माझ्यासाठी बाजूला काढलेली. "साहेब, घरची आहे, दुकानातली नाही."
विचारलं, एवढे महिने जाळी कशी चोंदली नाही?
"रोज काढायचो ना राख. पहिल्याच आठवड्यात बघितलं, ही राख निराळी. तुम्हाला फोन पण केलेला. तुम्ही बोललात, मॅन्युअलप्रमाणे चालू द्या मुश्ताकभाई, उगाच डोकं लावू नका."
आठवलं. मीटिंगमध्ये होतो. 'डोकं लावू नका' हे शब्द माझेच. दुसऱ्या कुणाचे असणार?
"मग बोललो, जाऊ दे, आपण काढू. बदलीवाल्याला पण सांगून गेलेलो, रोज काढ. तो बोलला, पानावर तसं नाही."
म्हणजे हँडओव्हर दिलं होतं. तोंडात नानखटाई. रिपोर्टचं बोललो नाही.

१३ जाने., मंगळ.
जेवताना घरी सांगितलं, खन्नांची नक्कल करून. मीना हसली नाही. "तू नकला करायला लागलास की समजावं, काहीतरी सडलंय."
इरा फोनमधून मान न काढता: "बाबा, सो यू लाइड?"
बारा वर्षांची आहे. मराठीत उत्तर दे, म्हणून रोज ओरडतो तिला. आज नाही ओरडलो.

१५ जाने., गुरु.
कॅम्पवाल्यांनी मुश्ताकभाईंना पत्र दिलं. महिनाअखेरपर्यंतच नोकरी. नोकरी गेली की व्हिसा गेला. त्यांचा धाकटा अजून पॉलिटेक्निकला. फोन त्यांनीच केला. आवाज नेहमीचाच.
"साहेब, पत्राला तुमचा रिपोर्ट जोडलाय. तुमची सही ओळखतो मी." मग थांबून, "तुम्ही घाईत असाल."
शिवी दिली असती तर
बावीस वर्षं झाली त्यांना आखातात. माझ्याहून आठ जास्त.

१६ जाने., शुक्र.
सुधारित रिपोर्ट. एकच पान. मॅन्युअल चुकीचं, ते मी केलं. ऑपरेटरने आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याने रोज राख काढली म्हणून बॉयलर इतके महिने चालला. कामावरून काढण्याचं कारण नाही. विशेषण एकही नाही, माझ्या हातून पहिल्यांदाच. दुपारच्या नमाजाआधी कॅम्पवाल्यांना पाठवला, प्रत खन्नांना.
पाच मिनिटांत खन्ना: "हबीबी, तूने तो अपना ही बॉयलर बुझा दिया." सोमवारी नऊला केबिनमध्ये.
पाठवताना शूर वगैरे काही वाटलं नाही. आठ दिवस उशीर झाला, एवढंच वाटत राहिलं. आठ तारखेला हेच पान लिहिलं असतं तर पत्र निघालंच नसतं.
मीना: "बरं केलंस." भाजी परतत थोड्या वेळाने, "शाळेची फी मार्चमध्ये आहे."

१८ जाने., रवि.
कॅम्पवाल्यांचं उत्तर नाही. शनिवार-रविवार कोण देणार?
घरी बसवेना. अल क्वोजला गेलो. मुश्ताकभाई सुट्टी असून बॉयलर रूममध्ये. रविवारी पण राख होतेच. सकाळच्या आंघोळी उरकून बॉयलर निवला होता. मी खोरं मागितलं.
"कपडे खराब होतील साहेब."
"होऊ देत. तुम्ही बसा आज."
"बसून काय करू?"
"शिव्या घाला."
हसले. "आमच्या गावच्या शिव्या तुम्हा पुणेवाल्यांना झेपायच्या नाहीत."
तरी बसले, उलट्या बादलीवर. नवा रिपोर्ट कळला होता त्यांना. त्यावर एवढंच बोलले, "बघू आता." माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.
तास लागला. त्यांना वीस मिनिटं लागतात म्हणे. पाठ गेली, नाकात राख, घशात राख. एक कोपरा राहिला तो त्यांनी बोटाने दाखवला, हात लावला नाही. घमेली भरून बाहेर नेली, चार. पानावर 'रोज' असतं तर रविवारी बदली माणूस मिळाला असता; माझ्या त्या एका ओळीपायी त्यांचे किती रविवार या खोलीत गेले, देव जाणे. त्यातला एक आज परत केला.
निघताना विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"
त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं. "महिनाअखेरपर्यंत तर मी आहेच. अकराला या."