गादीवरची लक्ष्मी

४ मार्च ९६
गौरी आज दीड वर्षाची. अजून उभी राहत नाही. शेजारचा तेवढाच पोरगा गल्लीभर उंडारतो. दुपारी आम्हा नवराबायकोत यावरून वाजलं. सुमन म्हणे दवाखान्यात दाखवा. काही पोरं उशिरा चालतात, म्हटलं. पण रात्री तिचे पाय चाचपून बघितले.

८ मार्च
वडिलांपुढे विषय काढला. अप्पा म्हणाले, "कावून घाई करतो? लक्ष्मी हाय ती. तिचे पाय कावून मळवतो?" ती जन्मली आणि कापडाचं दुकान चालायला लागलं. तेव्हापासून बोहनीपासून दिवेलागणीपर्यंत ती दुकानात, अप्पांशेजारी गादीवर. उतरली तर कुणाच्या तरी कडेवर. मलाही कौतुकच होतं की.

११ मार्च
माजलगाव. डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवले, ताणले. पाय चांगले. मग विचारलं, "ही जमिनीवर किती वेळ खेळते?"
सुमनने गादीचं सांगितलं.
"घरातल्या सगळ्यांनी रोज तिच्यासोबत खाली बसा. पडू द्या. महिन्याभरात उभी नाही राहिली तर औरंगाबादला न्यावं लागेल."
एसटीत गौरी माझ्या मांडीवर झोपली. आधी बाईंचा राग आला, मग स्वतःचा.

१२ मार्च
गौरीला गादीवरून उतरवलं. अप्पा कडाडले, "लग्नसराई तोंडावर, अन् लक्ष्मीला खाली ठिवतो?" जन्मात पहिल्यांदा उलटून बोललो. "पोरगी पांगळी झाली तर गादीला काय जाळायचंय?" अप्पा जेवले नाहीत.

२० मार्च
माझाच जुना पांगुळगाडा माळ्यावरून काढला. सकाळी सुमन, दुपारी मी. दांडा धरते, गुडघे लटपटतात, रडते. अप्पा तोंड फिरवून बसतात. दुकान रिकामं असलं की माझ्याकडे बघतात.

१ एप्रिल
दहा दिवस उरले. अजून आधाराशिवाय नाही. जेवून दुकानात आलो तर अप्पांच्या धोतराला गुडघ्यावर धूळ. गौरी गाड्यापाशी. विचारलं नाही.

९ एप्रिल, दुकानातच
परवा महिना भरतो, माजलगावला पुन्हा दाखवायचंय. गौरीने आत्ता गाडा सोडला. उभी! तोंड गादीकडे. अप्पा सवयीने पुढे वाकले. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "उचला की अप्पा, पडल लेकरू."
अप्पांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबले. "कुनी हात लावायचा न्हाई."
एक पाऊल. मग धप्पकन बसली. रडली नाही.
मी गल्ल्याशी बसून हे लिहितोय. अप्पांचे हात अजून मांड्यांखालीच आहेत. तिने पुन्हा तळवे जमिनीला टेकवलेत, ढुंगण वर, आणि